कामाला वार नेमून द्यावा

(वडपे, ता. भिवंडी, जि. ठाणे येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



दैनंदिन जीवनातील दिरंगाई हा आजचा विषय आहे. या विषयावर आजवर उपदेश थोडा झालेला नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात आळसाचा निषेध आणि यत्नाचा गौरव पुनःपुन्हा केला. शाळेच्या फळ्यावरील सुविचारांतून वेळेचे महत्त्व वर्षानुवर्षे सांगितले जात आहे. तरीही सुविचार लिहिणारा विद्यार्थी गृहपाठ पुढे ढकलतो, तो तपासणारे शिक्षक वह्यांचा गठ्ठा पुढे ढकलतात, आणि कार्यालयाच्या भिंतीवर तोच सुविचार टांगलेला असताना त्याच्याखाली संचिका साचत राहतात. औषध इतके दिवस देऊनही गुण येत नसेल, तर निदान पुन्हा तपासून पाहणे शहाणपणाचे ठरते.

असे निदान करण्यास वडपे परिसर सोयीचा आहे. हे गाव मुंबई-नाशिक महामार्गावर वसलेले आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. ते आमणे येथून जवळच, याच भिवंडी तालुक्यात आहे. तालुक्यातील गोदामांतून निघणाऱ्या मालमोटारींचा कारभार घड्याळावर चालतो. त्याच गोदामांच्या पलीकडे भाताची खाचरे आहेत आणि त्यांचा कारभार नक्षत्रांवर चालतो. या दोन्ही ठिकाणी काम फार काळ ताटकळत नाही. मग ताटकळते ते कोणते काम, आणि ते का ताटकळते, याचा शोध घेतला पाहिजे.

राबाला उद्या नसतो

ठाणे जिल्ह्यातील भात उत्पादक शेतकरी उन्हाळ्यातच राबाची तयारी करतो. रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून ते भाजले जातात. जून उजाडण्यापूर्वी हे काम आटोपावे लागते, कारण मृगाचा पाऊस पडला की भिजलेला राब पेटत नाही. पाऊस येताच पेरणी होते आणि रोप सुमारे तीन ते चार आठवड्यांचे झाले की लावणी सुरू होते. लावणी लांबली आणि रोप जुने झाले तर फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. म्हणून लावणीच्या दिवसांत भर पावसात, कंबर मोडेपर्यंत वाकून, घरातील सर्व माणसे खाचरात उभी असतात. या शेतकऱ्यास आळशी म्हणण्याचे धाडस कोणीही करणार नाही.

परंतु याच शेतकऱ्याच्या घरातील दुसरे एक काम पाहावे. वडील निवर्तले. सातबारा उताऱ्यावर त्यांचेच नाव आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ अन्वये वारसाहक्काने मिळालेल्या अधिकाराची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावयाची असते. तलाठ्याचे पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व नाते दर्शविणारे घोषणापत्र आणि एक अर्ज, एवढ्या कागदांपासून हे काम सुरू होते. राब भाजण्याच्या तुलनेत यात कष्ट नाममात्र आहेत. तरीही पहिले वर्ष ‘दिवसकार्य नुकतेच झाले’ म्हणून जाते, दुसरे ‘भाऊ गावी आले की पाहू’ म्हणून जाते, आणि पुढे वर्षे मोजणेही थांबते.

मनुष्य तोच आहे. राबाच्या कामात तो एक दिवस चुकवीत नाही आणि वारस नोंदीच्या कामात दहा वर्षे चुकवितो. यास्तव दिरंगाईचे मूळ केवळ स्वभावात शोधणे योग्य ठरत नाही. फरक त्या दोन कामांच्या ठेवणीत आहे. राबाला वेळ नेमलेली आहे. त्याची पहिली पायरी पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. शेजारच्या शेतात धूर दिसला की ‘तुमचा राब झाला का?’ असे विचारणारे दहाजण भेटतात. आणि काम चुकल्यास त्याचे फळ त्याच हंगामात पदरात पडते. वारस नोंदीच्या कामात यांपैकी काहीच नाही. कायद्यात मुदत आहे, पण घरात वार ठरलेला नाही; पहिला कागद कोणता, हे ठाऊक नाही; विचारणारा कोणी नाही; आणि नुकसान व्हावयाचे ते पुढे कधीतरी.

घरातील स्त्रीचेही असेच आहे. पाणी भरणे, स्वयंपाक, मुलांची शाळा यांतील एकही काम ती उद्यावर टाकीत नाही. मात्र स्वतःच्या प्रकृतीची तपासणी ती वर्षानुवर्षे पुढे ढकलते, कारण त्या कामाची वेळ ठरलेली नसते आणि घरात त्याबद्दल विचारणारेही कोणी नसते.

पुढे ढकलण्याची किंमत

वारस नोंद पुढे ढकलल्याने काम तेवढेच राहत नाही, ते वाढत जाते. समजा, एका विधुर खातेदाराच्या पश्चात तीन मुलगे व दोन मुली असे पाच वारस आहेत. नोंद झाली नाही. काही वर्षांनी एक मुलगा वारला; त्याच्या जागी पत्नी व तीन मुले आली आणि वारस आठ झाले. पुढे एक मुलगी वारली. तिच्या जागी पती व दोन मुले आली आणि वारस दहा झाले. एक जण सुरतेला, एक जण नवी मुंबईत, एकाचा पत्ता कोणासच ठाऊक नाही. ज्या नोंदीसाठी आरंभी एक मृत्यूचा दाखला पुरेसा होता, तिला आता तीन दाखले हवे आहेत. वेळीच केले असते तर सोपे ठरणारे काम दिरंगाईने खरोखरच अवघड करून ठेवले आहे.

आणि मग एके दिवशी भूसंपादनाची सूचना येते. भिवंडी तालुक्यास हा अनुभव नवा नाही. समृद्धी महामार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे अशा प्रकल्पांसाठी तालुक्यातील जमिनी गेल्या आहेत. मोबदल्याच्या कामी अधिकार अभिलेखातील नाव पाहिले जाते. ते नाव मयत व्यक्तीचे असेल आणि वारसांत एकमत नसेल, तर प्रकरण न्यायालयाकडे अथवा प्राधिकरणाकडे जाते आणि रक्कम अडकून पडते. ज्या विधवेस त्या पैशांतून मुलांचे शिक्षण करावयाचे होते, तिला तारखा मोजीत बसावे लागते. मुलींच्या बाबतीत तर हानी अधिक होते. हिंदू वारसा (सुधारणा) अधिनियम, २००५ ने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध अधिकार दिला आहे. परंतु नोंदच झाली नाही, तर तिचा अधिकार कागदावर उमटत नाही, आणि पुढे घाईघाईने नोंद करताना वगळले जाण्याचे भय तिलाच अधिक असते. यास्तव एकाच्या दिरंगाईची किंमत बहुधा दुसराच मोजतो, ही गोष्ट विसरता कामा नये.

मन टाळते ते कामाला नव्हे

या विषयाचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनीही केला आहे. फ्यूशिया सिरोई व टिमथी पिचिल या अभ्यासकांनी २०१३ मध्ये असे प्रतिपादन केले की, मनुष्य काम टाळतो तेव्हा तो बहुधा त्या कामाशी जोडलेली अप्रिय भावना टाळीत असतो. काम पुढे ढकलताच क्षणभर हायसे वाटते, आणि त्या क्षणिक सुखाचे देणे पुढे फेडावे लागते. वारस नोंदीच्या उदाहरणात हे पटण्यासारखे आहे. तो अर्ज लिहिताना वडिलांच्या नावापुढे ‘मयत’ हा शब्द लिहावा लागतो. भावाबहिणींशी हिश्शाचा विषय काढावा लागतो. कार्यालयात कोणी नीट बोलेल की नाही, याची धास्ती असते. हे सर्व टळावे म्हणून अर्ज टळतो.

उपायाचा अभ्यासही झाला आहे. पीटर गोलविट्झर व व्हेरोनिका ब्रँडश्टेटर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहून दोन दिवसांत पाठवावयास सांगितले होते. काही विद्यार्थ्यांकडून हे काम कोठे व केव्हा करणार, एवढेच आधी लिहून घेतले. ज्यांनी असे लिहून दिले, त्यांच्यापैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी अहवाल वेळेत पाठविला; इतरांपैकी सुमारे एक तृतीयांशांनीच पाठविला. इच्छा दोन्ही गटांना होती. एका गटाने तिला ठिकाण व वेळ दिली, एवढाच फरक. ‘लवकरच नोंद करून घेऊ’ हा संकल्प झाला. ‘येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता दाखला घेऊन सजा कार्यालयात जाऊ’ ही योजना झाली.

कार्यालयातील टेबल

आता प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. ग्रामस्थ सोमवारी दहा वाजता आला आणि त्याचा अर्ज टेबलावर पडून राहिला, तर त्याचा दुसरा संकल्प कधीच होणार नाही. शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा आणि बदल्यांचे विनियमन करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम याबाबत स्पष्ट आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ फाईल प्रलंबित राहू नये. तातडीची फाईल चार दिवसांत आणि तत्काळ स्वरूपाची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकालात निघावी. दुसऱ्या विभागाचा संबंध नसलेल्या प्रकरणी ४५ दिवसांत आणि संबंध असलेल्या प्रकरणी तीन महिन्यांत निर्णय व्हावा. हेतुपुरस्सर केलेला विलंब ही कर्तव्यातील कसूर मानली जाते. पुढे २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला.

तथापि कायद्याने मुदत दिली म्हणजे टेबल आपोआप मोकळे होत नाही, हे अनुभवी कर्मचारी जाणतात. टेबल कसे मोकळे होते, याचा धडा महाराष्ट्रातच घालून दिला गेला आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कार्यालयाची संपूर्ण फेररचना केली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी सहा गठ्ठा पद्धत आजही प्रशिक्षणात शिकविली जाते. बैठकीवरील प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाची कागदपत्रे असे ते सहा गठ्ठे होत. यातील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. ढीग एकच असतो तेव्हा त्याकडे पाहूनच मन खचते आणि हात सर्वांत सोप्या कागदाकडे जातो. त्याच ढिगाचे सहा भाग झाले की आज ज्यावर काम करावयाचे, तो गठ्ठा बराच लहान निघतो. जे उत्तराची वाट पाहत आहे ते वेगळे, जे नष्टच करावयाचे ते वेगळे. आळस सोडा, असे या पद्धतीत कोठेही सांगितलेले नाही. कागदाला जागा दिली आहे आणि त्यामुळे आळसाला आडोसा उरत नाही.

दिरंगाईचा एक प्रकार मात्र उद्योगाचे रूप घेऊन येतो. अर्जात तीन त्रुटी असताना पहिल्या खेपेस एक कळविणे, ती दूर झाल्यावर दुसरी कळविणे, आणि तिसरी महिनाभराने ध्यानात येणे. किंवा निर्णय घेण्याजोगे प्रकरण ‘चर्चा करावी’ अशा शेऱ्यासह परत पाठविणे, हे त्याचे परिचित नमुने होत. कागद हलत राहतो, काम जागीच राहते. सर्व त्रुटी एकाच वेळी, लेखी आणि साध्या मराठीत कळविल्या, तर अर्जदाराचे हेलपाटे वाचतात आणि कर्मचाऱ्यास तोच कागद तीनदा वाचावा लागत नाही.

सर्वच विलंबास दिरंगाई म्हणता येणार नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. फेरफाराची नोंद घेतल्यावर हितसंबंधितांच्या हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जातात. तो काळ न्यायासाठी राखलेला आहे. घाईने तो गाळणे म्हणजे एखाद्या बहिणीचा हक्क गाळणे होय. त्याचप्रमाणे दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणारे कातकरी कुटुंब पावसाळ्यापर्यंत गावी परतत नाही. एका दाखल्यासाठी त्याने दिवसाची मजुरी बुडवावी, अशी अपेक्षा ठेवून त्यास बेफिकीर ठरविणे अन्यायाचे आहे. अशा ठिकाणी कार्यालयानेच त्याच्या दारी जावयाचे असते.

शाळेची शिकवण

काम वेळेवर करण्याची सवय शाळेत लागते, असे म्हणतात. न करण्याचीही तेथेच लागते. डॅन अरिएली व क्लाउस वेर्टेनब्रोख यांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास शिक्षकांच्या उपयोगाचा आहे. एका वर्गास सत्रात तीन निबंध द्यावयाचे होते आणि त्यांच्या मुदती विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवावयाच्या होत्या. दुसऱ्या वर्गास तीन समान अंतराच्या मुदती नेमून दिल्या होत्या. नेमून दिलेल्या मुदतींच्या वर्गास अधिक गुण मिळाले. पहिल्या वर्गातही ज्यांनी सर्व काम सत्राच्या अखेरीस न ठेवता स्वतःसाठी अंतराअंतराने मुदती घेतल्या, त्यांचे काम सुधारले.

सुट्टीचा अभ्यास एकगठ्ठा देऊन जूनमध्ये तपासण्यापेक्षा त्याचे आठवडावार भाग पाडून देणे हितकारक, हा याचा सरळ अर्थ. वह्यांच्या तपासणीसही हीच रीत लागू पडते. साठ वह्या रविवारसाठी साठविण्याऐवजी रोज दहा तपासल्या तर शनिवारी काम पूर्ण होते, आणि विद्यार्थ्यास आपली चूक विसरण्यापूर्वी कळते. चूक उशिरा कळलेल्या मुलास काम वेळेवर करण्याचे महत्त्व शब्दांनी पटवून देणे कठीण असते.

शिक्षकांच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत दिली तर नोंदणीस विलंब शुल्क लागत नाही. तीस दिवसांनंतर लेखी परवानगी आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामी जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरविण्यात आला आहे. हे मूल शाळेच्या दारात येईपर्यंत थांबण्याऐवजी पालक सभेत धाकट्या भावंडांच्या नोंदणीची चौकशी केली, तर पालकाचे पुढील हेलपाटे एका प्रश्नाने वाचतात.

गावाने विचारावे

ग्रामपंचायतीचे स्थान या सर्वांत मोलाचे आहे, कारण राबाच्या कामी शेजारी जे करतो ते कागदाच्या कामी ग्रामपंचायत करू शकते. शासनाने २०२५ मध्ये राबविलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचे उदाहरण बोलके आहे. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याची ही मोहीम मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि १ एप्रिलपासून राज्यभर नेण्यात आली. प्रथम चावडीवाचन करून गावातील मयत खातेदारांची यादी करावयाची, नंतर वारसांकडून कागदपत्रे घ्यावयाची, त्यानंतर फेरफार घ्यावयाचे, असा क्रम व प्रत्येकाचा कालावधी ठरवून दिला होता. वारसांचा हक्क पूर्वीपासून होताच आणि कायदाही जुनाच होता. मोहिमेने त्या कामाला तारीख दिली, पहिली पायरी दिली आणि चावडीवर नाव वाचून विचारणारा दिला. ज्या तीन गोष्टींमुळे राब वेळेवर होतो, त्याच तीन येथे उपयोगी पडल्या.

परंतु मोहीम संपते आणि माणसे त्यानंतरही निवर्ततात. म्हणून गावाने ही रीत कायमची अंगीकारावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. प्रत्येक ग्रामसभेत मागील तीन महिन्यांतील मृत्यूंची यादी वाचावी आणि त्यांपैकी कोणाची वारस नोंद व्हावयाची राहिली आहे, एवढे विचारावे. कायद्याची तीन महिन्यांची मुदत आणि ग्रामसभांमधील अंतर यांचा मेळ जवळजवळ बसतो. तसेच मागील सभेतील ठरावांचे पुढे काय झाले, हे नवा ठराव घेण्यापूर्वी सांगितले जावे. ज्या ठरावाखाली जबाबदार व्यक्तीचे नाव आणि पूर्ततेची तारीख नाही, तो ठराव कागदावरच राहण्याचा संभव फार.

येत्या आठवड्याचे काम

बंधुभगिनींनो, व्याख्यान ऐकून ‘उद्यापासून सुरुवात करू’ असा निश्चय करणे हीदेखील एक प्रकारची दिरंगाईच होय. यास्तव प्रत्येकाने रेंगाळलेल्या कामांतील एकच काम निवडावे. त्याची पहिली पायरी अर्ध्या तासात होण्याजोगी लहान करावी. ‘वारस नोंद करणे’ असे न लिहिता ‘मृत्यूच्या दाखल्याची प्रत काढणे’ असे लिहावे. त्यापुढे वार, वेळ आणि ठिकाण लिहावे. आणि ती चिठ्ठी घरातील अशा एका माणसास द्यावी, जो त्या दिवशी संध्याकाळी न विसरता विचारील. बहुतेक घरांत हे काम शाळकरी मुलगी उत्तम करते.

सरपंचांनी पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत वारस नोंदीचा विषय आजच घालावा. कर्मचाऱ्यांनी टेबलावरील सर्वांत जुनी संचिका सर्वांत वर ठेवावी. शिक्षकांनी उद्याच्या दहा वह्या बाजूस काढाव्यात. येथील खाचरांत मृगाच्या आधी राब भाजण्यासाठी कोणास व्याख्यान द्यावे लागत नाही. त्या शहाणपणाचा थोडासा अंश कपाटातील कागदांपर्यंत पोहोचला, तर अनेक घरांतील विधवा, लेकीबाळी आणि अज्ञान मुले यांचे हक्क वेळीच त्यांच्या नावावर लागतील.